दोन निकाहनामे

गोंदिया, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, दुपारी दीड. गिऱ्हाईकाचं पंक्चर काढून, हात धुऊन लिहायला बसलो.

विवाह नोंदणीच्या बाबूंना,

मी सुन्नी, माझी बायको मासूमा शिया. दोन्ही घरांचं मन राखायला एकाच दुपारी दोन काझींनी आमचा निकाह पढवला, म्हणून निकाहनामे दोन. माझा चुलतभाऊ आणि त्याची बायको दोघंही सुन्नी. त्यांना तुम्ही दहा मिनिटांत दाखला दिला. आमचे कागद पाहून मात्र हसलात.

"दुसरं लगन करून राहिला का बे? पहिल्या बायकोची संमती आण!"

"साहेब, दोन्हीवर बायकोचं नाव एकच आहे."

"मंग शिया-सुन्नीची खिचडी कायले केली?"

मासूमाला नववा महिना आहे. दाखल्याशिवाय रेशनकार्डावर तिचं नाव चढत नाही. काल तिनंच 'पहिली बायको' म्हणून संमती लिहून सही केली. म्हणाली, "देऊन टाका, घेतील ते." तुम्ही घ्यालही. पण मग सरकारी कागदावर माझी बायको स्वतःचीच सवत होईल. मी ती चिठ्ठी फाडली.

हे पत्रही पाठवणार नाही. आमचा अर्ज अजून तुमच्याच टेबलावर आहे.

उद्या पुन्हा रांगेत उभा राहणारा,
मुजम्मिल शेख

तुमच्याकडच्या चार फेऱ्यांत धंद्याचे आठशे चाळीस रुपये बुडाले. ते तुम्हाला माफ. दाखला माफ नाही.