थांबा म्हणण्याचा अधिकार

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहिणार. अर्धं पान. जास्त नाही.
काल डायरेक्टरसाहेबांनी बोलावून चाचणी-उड्डाणांच्या सुरक्षिततेचं काम माझ्याकडे दिलं. माझी उड्डाणं चालूच राहणार, हे काम त्याशिवाय. ते म्हणाले, गेल्या महिन्यात टायर फुटले त्यावरून कोणाला काही शिकायचं असेल तर ते तुम्हाला. साहेबांचं बोलणं आडवळणाचं असतं. अर्थ स्पष्ट होता.
एकतीस वर्षं. चौदा प्रकारची विमानं. टायर सोडले तर एक डाग नाही. टायर रनवेमुळे फुटले.
बायकोला सांगितलं. ती ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. म्हणाली, छान, पण तुमच्यापासून सुरक्षितता कोण बघणार? घरात थोडा विनोद हवाच.

५ फेब्रुवारी
रोज लिहायचं राहिलं. तीन दिवस विचारात गेले, तेही कामच.
नियम तयार केला. एकच ओळ. चाचणी चालू असताना कंट्रोल रूममधला कोणीही, अगदी कोणीही, 'थांबा' म्हणू शकेल आणि पायलटने कारण न विचारता थांबायचं. कारण जमिनीवर आल्यावर. मोठ्या टायपात छापून भिंतीवर लावला. खाली माझी सही. फ्रेमचं काचकाम उत्तम झालं आहे.
इंजिनिअरबाईंनी वाचला. त्या कंट्रोल रूम सांभाळतात, गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाहीत. म्हणाल्या, चांगला आहे, सर, पाळायचा कधीपासून? म्हटलं, आजपासून. उत्साह पाहून बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
एप्रिलमध्ये नव्या विमानाची फ्लटर-चाचणी. ती मी करणार. निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं काम. ते दुसऱ्या कोणाला मिळेल असं वाटत नाही. दुसरा म्हणजे लंबू. पायलट बरा आहे, पण फार विचारतो.
फ्लटर म्हणजे काय ते इथे लिहून ठेवतो, निरोपाच्या भाषणात उपयोगी पडेल. वेग दहा-दहा नॉटने वाढवायचा. प्रत्येक पायरीवर हातातल्या दांड्याला एक टिचकी मारायची. विमान थरथरतं. ती थरथर किती लवकर मरते हे खाली पडद्यावर इंजिनिअर बघते. लवकर मेली तर ती म्हणते, 'पुढे'. रेंगाळली तर 'थांबा'. कारण या पायरीवर रेंगाळलेली थरथर पुढच्या पायरीवर कदाचित मरतच नाही. वाढत जाते. दोन-तीन सेकंदांत शेपूट सुटून जाऊ शकते.
पायलटला हे आधी कळत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मला बुडाखाली कळतं.

११ फेब्रुवारी
पिवळी पेटी बसवली. कुलूपवाली. ज्याला जे धोक्याचं दिसेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून टाकावं. नाव घालायचं नाही. भीती गेली पाहिजे, हे माझं सूत्र. पेटी माझ्या केबिनच्या काचेसमोरच लावली आहे, म्हणजे कोण सहभाग घेतंय ते बसल्या जागी दिसेल.

२४ फेब्रुवारी
तेरा दिवस. एकही चिठ्ठी नाही. धोका उरलेलाच नाही, असा निष्कर्ष काढावा लागतो. साहेबांना तसा रिपोर्ट दिला, आलेखासह. आलेखात सरळ रेष आहे, तळाशी.
लंबूचा पाय जिन्यात मुरगळला. तीन आठवडे उड्डाण बंद. जुन्या विमानावरच्या सरावाचा सगळा भार माझ्यावर.

२६ फेब्रुवारी
इंजिनिअरबाईंनी न विचारता पेटी हलवली. आता ती पाण्याच्या मशीनपाशी आहे, खांबामागे. तिथून मला काही दिसत नाही. विचारलं तर म्हणाल्या, म्हणूनच, सर.
मोठेपणाने सोडून दिलं.

२ मार्च, सकाळी ११
पहिली चिठ्ठी. छापलेली. 'सरावाच्या उड्डाणात पायलट "पुढे" ऐकायच्या आधीच पुढच्या पायरीवर जातो. विचारलं तर म्हणतो, इंधन वाचतं.'
गंभीर प्रकार. इंधन वाचतं हे खरं आहे. पण म्हणून काय.
हे लंबूचंच काम. उंच माणसं उतावळी असतात.

६ मार्च
दुसरी. 'खालून "थांबा" म्हटलं की हा पायलट शीळ वाजवतो. शीळ संपेपर्यंत पायरी पुरी झालेली असते.'
अंगावर काटा आला. शीळ मीही घालतो, पण वेळ बघून.
साहेबांकडे गेलो. म्हणालो, नियम कडक हवा. एकाच पायलटबद्दल तीन चिठ्ठ्या आल्या की त्याला चाचणीतून काढायचं. अपील नाही, चर्चा नाही. साहेबांनी विचारलं, नक्की ना? म्हटलं, माणूस कितीही जवळचा असो. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, मग सही केली. एवढा आदर त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाहिला.

८ मार्च, रविवार
दोन्ही चिठ्ठ्या बायकोला दाखवल्या. नावं नाहीत, त्यामुळे गुप्ततेचा प्रश्न येत नाही.
वाचून म्हणाली, "अहो, हा माणूस आपल्याकडे जेवतो."
म्हटलं, हो, लंबू दोनदा आला होता. ती म्हणाली, रोज जेवतो. मग भांडी आवरता आवरता तिने तिच्या थिएटरमधलं सांगितलं. पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे मोजतात. एक जरी कमी भरला तरी कालची आलेली नर्स मोठ्यातल्या मोठ्या सर्जनचा हात धरते. काही सर्जन चिडतात. विचारलं, मग काय करता? म्हणाली, चिडू देतो, पण शिवू देत नाही.
उदाहरण चांगलं आहे. भाषणात लंबूसाठी वापरता येईल.

१२ मार्च
तिसरी चिठ्ठी. ही हाताने लिहिलेली. 'काल दोनशे साठ नॉटला मी "थांबा" म्हणाले. उत्तर आलं, मला बुडाखाली काही जाणवत नाही. मी पुन्हा म्हणाले. रेडिओ बंद झाला. विमान परत आलं, पण येईपर्यंत मी उभी होते.'
बस झालं. नियमाप्रमाणे कारवाई. पत्र स्वतः टाइप केलं. 'संबंधित पायलटला एप्रिलच्या चाचणीतून तत्काळ वगळावे.' नाव रिकामं सोडलं, ते साहेबांनी भरावं. मला वैयक्तिक आकस नको.
काल माझाही रेडिओ मध्येच गेला होता. सगळी यंत्रणाच तपासायला हवी.

१३ मार्च, दुपारी १२.३०
साहेबांनी नाव भरलं.
आधी मी समजावून सांगितलं की टायपिस्टची चूक असणार. टायपिस्ट नव्हती, मीच होतो. मग ते म्हणाले, लंबू सत्तावीस दिवस जमिनीवर आहे, कुबडीवर चालतो, तो दोनशे साठला कसा जाईल? त्यांचं मोजणं चुकलं होतं, अठराच दिवस झालेत. ते मी निदर्शनास आणून दिलं.
ते म्हणाले, "तिन्ही चिठ्ठ्या तुमच्याबद्दल आहेत. पत्रही तुमचंच आहे."
अपील मागितलं. नियमात अपील नव्हतं.

१४ मार्च
झालेला प्रकार गैरसमजाचा आहे. शैलीचा फरक. काही लोकांना अनुभव हा बेदरकारपणा वाटतो.
बायकोला सांगितलं, वैद्यकीय नाही, प्रशासकीय कारण आहे. तिने चहा ठेवला.

१९ मार्च
संकल्प: कोणावर राग धरायचा नाही. इंजिनिअरबाईंना जिन्यात पाहिलं, दुसऱ्या जिन्याने गेलो. व्यायाम होतो.

३० मार्च
शेवटी साहेबांनाही पटलं की माझी खरी गरज जमिनीवर आहे. चाचणी लंबू करेल. मी कंट्रोल रूममध्ये. पडदे दोन: पंखांचा बाईंसमोर, शेपटीचा माझ्यासमोर. बाई विचारतील, 'शेपूट?' मी 'ठीक' किंवा 'थांबा' म्हणायचं. लहान मूलही करेल. पण जबाबदार माणूसच हवा, म्हणून मी.
म्हणजे उड्डाण खरं तर मीच चालवणार. लंबू फक्त वर बसलेला असेल.

७ एप्रिल
उद्या. लंबू केबिनमध्ये आला. आता लंगडत नाही. विचारत होता, दोनशे ऐंशीच्या पुढे दांडा हाताला कसा लागतो, टिचकी किती हलकी मारायची. वीस मिनिटं विचारत होता, सगळं वहीत लिहून घेत होता. जाताना म्हणाला, शेपटीकडे तुम्ही आहात, मग मला काळजी नाही. घरी पोरगी विचारत होती, तिलाही तेच सांगितलं.
साहजिक आहे.

८ एप्रिल, दुपारी ३.४०
क्रमाने लिहितो.
हवा शांत. दोनशे ऐंशीपर्यंत सगळं स्वच्छ. बाई विचारायच्या, मी 'ठीक' म्हणायचो, मग त्या वर 'पुढे' कळवायच्या. लंबू प्रत्येक पायरीवर वाट बघत होता. मी असतो तर एव्हाना उतरून जेवलो असतो.
दोनशे नव्वद. टिचकी. पडद्यावर रेष उठली. नेहमी चार लाटांत सपाट होते. पाचवी आली. सहावी. सातवी. मरत होती, पण सावकाश.
बाईंनी विचारलं, "शेपूट?"
एकच पायरी उरली होती. तीनशे झालं की चाचणी संपली. 'ठीक' तोंडात तयार होतं. 'थांबा'ही होतं, समोरच्या भिंतीवर, माझ्या सहीसकट. मी रेषेकडे बघत होतो आणि डोक्यात एवढंच होतं की मी असतो तर गेलो असतो.
बाईंनी खुर्ची सरकवली, वाकून माझ्या पडद्यात पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाल्या, "थांबा."
आवाज चढवला नाही. लंबूने कारण विचारलं नाही. वेग उतरवला आणि परत आला.
मेकॅनिकने शेपटीची मागची झडप दोन बोटांनी हलवली. ती खुळखुळली. बिजागरी सैल झाली होती. तीनशेला काय झालं असतं ते बाईंनी कागदावर मांडून पाहिलं. मग कागद पालथा ठेवला.
उड्डाणानंतरच्या बैठकीत सगळ्यांत नवा माणूस आधी बोलतो, ही इथली पद्धत. कंट्रोल रूममध्ये सगळ्यांत नवा मी.
म्हणालो, "मला दिसलं होतं. मी बोललो नाही."
लंबू हेल्मेटचा पट्टा लावत होता, काढत होता. बाईंनी पेन उघडलं आणि विचारलं, किती वेळ? म्हटलं, दोन सेकंद.
त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन लावलं. त्यांचा प्रश्न. मग पंख्याचा आवाज. पंख्याचा आवाज बराच वेळ. मग 'थांबा'.
"सात," त्या म्हणाल्या आणि सात लिहिलं.
मी खाली सही केली.