भरलेले गाल

आबा,

तुमी मेंढरं घेऊन गेलात तवा मला रक्ताची संडास व्हायली होती. समदे मूळव्याध म्हणायले. परभणीच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं, तर आतड्याला जखमा निघाल्या. आजार जन्माचा हाय, पण औषधानं दबून राहतो म्हणले.

त्या गोळ्यांनी माझं तोंड सुजलं. तेवढ्यात झरीचे पाहुणे आले. "पोरगी कशी भरलेली हाय!" म्हणले अन् सुपारी फुटली. सुजेला पसंत करून गेले, आबा.

आता डॉक्टर म्हणायलेत, गोळी हळूहळू कमी करा, लय दिवस घेतली तर हाडं ठिसूळ होतील. पण एकदम सोडली तर जिवावर बेतंल. आई मात्र पहिल्याइतक्याच द्यायलीय. गिळल्याशिवाय समोरून हालत न्हाई. लग्नापर्यंत गाल टिकले पायजेत म्हणती.

"अन् सासरी?" मी विचारलं.

"तिकडं एक बी न्यायची न्हाई, त्यांना आजार कळंल. उरलेल्या हळदीच्या दिवशी चुलीत घालते."

फोन तिच्यापाशी असतो. ही चिठ्ठी पाठवावी, तर झरीवाल्यांची मेंढरं बी तुमच्यासंगंच; तळावर वाचता येणारा एकच, माझा होणारा दीर.

हळदीला तुमी याल. माझे गाल बघून खूश होऊ नका.

तुमची,
दीपी