सबब मदतनीस अनावश्यक

चि. खोडरबर यास,

ताईचे आशीर्वाद. (वरच्या खात्यात तुला साहेब म्हणतात हे ठाऊक आहे. पण शाळेत एक ओळ लिहून तीन खोडणाऱ्या मुलाला घरात जे नाव पडलं, तेच मी लिहिणार.) तुझी पाठ, तुझ्या बायकोचा रक्तदाब आणि मुलांचे अभ्यास ठीक असतील असं धरून चालते, कारण ठीक नसतं तेव्हाच तुझा फोन येतो. इकडे मी ठणठणीत. अक्षर वाकडं दिसेल, तो दोष पेनाचा आहे.

वन्सं आहेत तशाच आहेत. कवायत शिकवून निवृत्त झाल्याला दोन तपं होऊन गेली तरी त्यांचं 'सावधान' काही संपलेलं नाही, फक्त आता पाय त्यांचा हुकूम मानत नाहीत. तुझे मेहुणे गेल्यापासून या घरात त्यांची थोरली बहीण आणि मी अशा दोघीच उरलो आहोत, आणि एकमेकींवर नजर ठेवून आहोत. सकाळी नगरपालिकेच्या आरोग्य विभागाची मावशी येते. ती वन्संना उठवते, आंघोळ घालते, खुर्चीत बसवते. बोलते फार आणि साबण संशयास्पद वेगाने संपवते. पण ती नसेल तर वन्सं पलंगावरून हलू शकत नाहीत हे मला, तिला आणि पलंगाला नीट माहीत आहे.

तर अशा घरावर तुमचं 'स्वावलंबन सन्मान धोरण' येऊन पडलं. सरकार सन्मान करायला निघालं की घरातलं काय उचललं जाणार आहे ते आधी बघावं, हा माझा अनुभव. मसुदा तूच केला असणार. नाकबूल करू नकोस, मी अर्धविरामांवरून ओळखलं. जिथे माणसाने थांबायला हवं तिथे तू 'सबब' लिहून पुढे जातोस. लहानपणी सबब सांगायचास, आता सबब लिहितोस, एवढाच काय तो तुझा उत्कर्ष.

धोरण वरून आलं, पण स्वावलंबी कोणाला म्हणायचं, म्हणजे कोणाच्या घरची मावशी बंद करायची, हे ठरवायचं काम खाली आमच्या नगरपालिकेवर सोडलेलं. (म्हणजे शिव्या त्यांनी खायच्या. हेही तुलाच सुचलं असणार.) मी सभा ऐकायला गेले. प्रेक्षकांच्या बाकावर मी आणि पंख्याखाली झोपायला आलेला एक गृहस्थ, एवढेच. एक जाडे सदस्य म्हणाले, जो स्वतः उठून पाणी घेतो तो स्वावलंबी. त्यावर समोरच्या बाई सदस्य म्हणाल्या, मग या सभागृहातले निम्मे पुरुष परावलंबी धरावे लागतील. आरडाओरडा झाला. तो मिटतो तोच औषधाच्या दुकानाचे मालक असलेल्या सदस्यांनी विचारलं, भिंत धरून चालणाऱ्याचं काय? भिंतीचा आधार हा आधार समजायचा की नाही? खोडरबर, तुला खोटं वाटेल, पण भिंतीवर ते चहा येईपर्यंत बोलत होते. शेवटी ठरलं की भिंत ही व्यक्ती नसून मालमत्ता आहे, सबब भिंत धरून चालणारा माणूस स्वतःच्याच बळावर चालतो. मी उभी राहून विचारलं, "आणि भिंत भाड्याची असली तर?" अध्यक्ष म्हणाले, प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. मी म्हटलं, आपण बोलताय त्यापेक्षा ते बरं. मग शिपायाने मला अदबीने बाहेर नेलं. (हाताला धरून नेलं. हे परावलंबन कोणाचं, हा मुद्दा सभेने चर्चेला घेतला नाही.)

बाहेर जाताजाता आणखी एक कलम कानावर पडलं. ज्या घरात एकीलाही दुसरीला सांभाळता येत नाही, तिथल्या दोघींना पालिकेच्या निवारागृहात हलवायचं, आणि तिथे प्रकृतीप्रमाणे वेगवेगळ्या दालनांत ठेवायचं. रात्री जेवताना मी हे वन्संना हसतहसत सांगितलं. म्हटलं, बघा, आता म्हाताऱ्यांचीही इयत्तावार विभागणी होणार. त्या हसल्या नाहीत. पण त्या माझ्या विनोदाला लग्नापासून हसलेल्या नाहीत, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात तपासनीस आला. तरुण, मऊ बुटांचा, फार गोड बोलणारा. गोड बोलणारा माणूस घरात आला की मी आधी तो कुठे बघतोय ते बघते. हा उंबरठा बघत होता, न्हाणीघराचं दार बघत होता आणि अधूनमधून माझे पाय बघत होता. वन्संना मी मुद्दाम पलंगावरच ठेवलं होतं. केसही विंचरू दिले नव्हते. (मावशीचा सल्ला. अशा बाबतीत तिची बुद्धी चालते.) तो वाकून म्हणाला, "आजी, तुम्हाला उठता येतं का?"

आणि वन्सं उठल्या.

अरे, ज्या बाईला काखेत हात घालून उभं करताना मावशीची आणि माझी दमछाक होते, ती पांघरूण बाजूला सारून उठली, भिंत न धरता चार पावलं चालली आणि त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मला उठता येतं. तुम्हाला नीट उभं राहता येतं का? पाठ सरळ करा." त्याने केली. मी मागून डोळ्यांनी खुणा केल्या, खोकले, चाकाची खुर्ची पुढे ढकलली. त्यांनी ती त्यालाच बसायला दिली. शंभरातून सात सात वजा करा म्हटल्यावर म्हणाल्या, तुम्हीही माझ्याबरोबर म्हणा. तो शहाऐंशीवर अडकला, या शेवटपर्यंत गेल्या. मी तर हादरूनच गेले. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, तर तो मलाच विचारतो, "काकू, तुमच्या डोळ्याला काही होतंय का? आज वार कोणता?" मी रागाच्या भरात मंगळवार म्हटलं. होता शुक्रवार. कोणाचंही होईल. निघताना वन्संनी त्याला दारापर्यंत पोहोचवलं आणि दोघं तिथे बराच वेळ कुजबुजत होते. काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, हवापाण्याचं. दार लागल्यावर त्या जिथे होत्या तिथेच खाली बसल्या, आणि पुढचे दोन दिवस त्यांना कूससुद्धा वळवता आली नाही. याला ढोंग म्हणायचं नाही तर काय? आयुष्यभर परक्यांपुढे ताठ मान आणि घरच्यांपुढे हाय हाय.

काल निकाल आला. "घरात एक सक्षम व्यक्ती असून ती दुसरीची देखभाल करते; सबब मदतनीस अनावश्यक." (अर्धविराम बघ.) मला सक्षम म्हटलं याचा आनंद मानायला मी तयार आहे, पण महिन्याअखेर मावशी बंद. ती कालपासून आमच्याकडे शेवटच्या दर्शनाला आल्यासारखी बघते आहे, आणि साबण अधिकच वेगाने संपतो आहे. तेव्हा त्या व्याख्येवर तुझं नेहमीचं हत्यार चालव. आयुष्यभर खोडलंस, एकदा उपयोगाचं खोड.

तुझी,
ताई

ता. क. व्याख्या राहू दे, तुझ्याच्याने व्हायची नाही. मी फेरतपासणीचा अर्ज करते आहे. त्या दिवशी तू इथे हवास. वन्संना घरचा माणूस समोर दिसला की चमचा उचलवत नाही. तू नुसता पलंगाशी बसून त्यांची चौकशी करत राहा, बाकीचं त्या करतील.

ता. क. २. हे पत्र वन्संनी वाचायला मागितलं आहे. त्यांना माझी पत्रं तपासायची सवय आहे. देते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

*

चि. साहेबांना आशीर्वाद. खाली जागा आहे म्हणून लिहिते. दोष पेनाचा नाही, पेन माझं आहे आणि चांगलं आहे. तुमच्या ताई मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडल्या. उजवं मनगट अजून सुजलेलं आहे आणि गुडघा त्याच्याही आधीपासून. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला आणि मावशीला तंबी आहे. तपासनीसाला ते आल्याआल्या दिसलं. दाराशी त्याने हळूच विचारलं, आजी, यांचं सगळं तुम्हीच बघता ना? मी हो म्हटलं. ती सक्षम व्यक्ती मी आहे. तुमच्या ताईंना हे सांगू नका, त्यांना कागद फार आवडला आहे.

मावशी सुटली तर सुटली, आम्ही भिंत धरून राहू. पण वेगवेगळ्या दालनांत मला झोप यायची नाही. तुम्ही या, जरूर या, आणि आठ दिवस राहा. पण फेरतपासणी लावू देऊ नका. मला एकदाच उभं राहता येणार होतं, ते राहून झालं.