अकोल्याला जाताना आयरिश निरोप

बाबा, तुमच्या त्या कार्डाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, म्हणजे उत्तराची घाई तुम्हाला नाही आणि मलाही नव्हती. पण आज लिहायला बसलेच आहे तर आधी भांडून घेते, मग उत्तर देते. तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय कुठे होती? मी तोंड उघडलं की तुम्ही आयर्लंडला निघून जायचात.

किती वैताग आणला होता त्या देशाने! अमरावतीच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात. क्रमिक पुस्तकात आयर्लंडला जेमतेम दीड पान, पण तुमचा वर्ग सहामाही परीक्षेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकून असायचा. चळवळीच्या दिवसांत कुणीतरी तुम्हाला त्या लोकांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यातली बरीच पानं वाळवीने खाल्लेली होती, आणि खाल्लेल्या जागा तुम्ही मनाने भरायचात. बैठकीत तुम्ही हिरव्या शाईने काढलेला त्या बेटाचा नकाशा होता. घरी कोणीही येवो, दूधवाला असो की सोयरीक घेऊन आलेले पाहुणे, त्याला आधी नकाशासमोर उभं राहावं लागे. "इंग्रजांनी जे जे आपल्याकडे केलं, ते आधी तिथे करून पाहिलं," तुम्ही बोट फिरवत सांगायचात, "जमीन कसणारा एक आणि खंड खाणारा समुद्रापलीकडे, लंडनला." मग तिथली दगडी कुंपणं, तिथला पाऊस, त्यांची मागे पडत गेलेली भाषा. तिथे लाकूड नसतं म्हणून ओली काळी माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि जाळतात, हे तुम्ही नेहमी फार भक्तिभावाने सांगायचात. आई आतून म्हणायची, "मग गोवऱ्याच म्हणा की." एकादशीला आई ताटात बटाट्याची भाजी वाढायची आणि तुम्ही घास हातात धरून त्यांच्या दुष्काळाला सुरुवात करायचात, बटाटा सडला तसे लोक कसे मेले, उरलेले कसे जहाजांत बसून गेले. आमचा उपवास तिथेच कडक व्हायचा.

त्या देशातल्या बायकांनी बंदुका हाती घेतल्या, तुरुंगात गेल्या, हे सांगताना तुमचा आवाज भरून यायचा. मला ते खरंच वाटायचं, बाबा. म्हणून तर बी.ए., बी.टी. झाल्यावर अकोल्याच्या मुलींच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी ते धावत तुमच्याकडे आणलं. तुम्ही दोनदा वाचलं, घडी घातली, आणि विचारलं, "अमरावतीत शाळा नाहीत?" पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आयर्लंडच्या पोरींनी बंदुका चालवलेल्या चालतात, आणि स्वतःच्या पोरीने बडनेऱ्याहून गाडीत बसून मूर्तिजापूरच्या पुढे गेलेलं चालत नाही! आईने घर डोक्यावर घेतलं तेव्हा कुठे तुम्ही "जा" म्हणालात. म्हणालात तेही असं, की त्यापेक्षा नाही म्हटलं असतं तर बरं.

आणि मग तो दिवस. माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळीच तुम्ही जाहीर केलंत की आयर्लंडात कोणी अमेरिकेला निघालं की तो पुन्हा दिसायचा नाही म्हणून घरचे लोक जिवंत माणसाचंच सुतक पाळतात, शेजारीपाजारी येऊन मेलेल्या घरी बसावं तसे बसतात. इतकंच पुस्तकात होतं. पुढचं पान वाळवीच्या पोटात. म्हणून पुढचं सगळं तुम्ही आपल्याकडचं घातलंत. आज चूल पेटवायची नाही म्हणालात. बैठकीत सतरंजी अंथरली, भिंतीला टेकून बसलात, शाळेतल्या चार मास्तरांना बोलावलंत. ते बिचारे टोप्या मांडीवर घेऊन माना खाली घालून बसले होते. मी आतल्या खोलीत रागारागाने ट्रंक भरत होते. अकोला, बाबा! साता समुद्रापलीकडे नाही, सतरा स्टेशनंसुद्धा नाहीत मध्ये!

आपल्या घरून धूर निघाला नाही आणि माणसं मुकी बसलीत, हे मागच्या फुलांच्या मळ्यातल्या काकूंनी पाहिलं. पदर डोक्यावर घेऊन, पिठलं-भाताची डेचकी झाकून त्या मागच्या दाराने आल्या. आपल्याकडे मयताच्या घरी नेतात तसं.

"कोन गेलं जी, मास्तरीणबाई? मले तं कोनी सांगतलंच नाही!"

"कोणी गेलं नाही हो," आई म्हणाली. तिला हसावं की रडावं कळेना. "पोरगी नोकरीला अकोल्याला चालली."

"अकोल्याले?" काकू डेचकी घेऊन तशाच उभ्या. "माहा भाऊ तं दर आठवड्याले जाते अकोल्याले, झेंडूचे पोते घेऊन. त्याच्यासाठी चूल काहून बंद ठेवली?"

बाहेर एक मास्तर फस्सकन हसले. तुम्ही हसला नाहीत. मी ते पिठलं-भात उभ्याउभ्या खाल्लं, सगळ्यांच्या देखत, मुद्दाम मोठे मोठे घास घेऊन. टांगा आला. तुम्ही कोपऱ्यापर्यंत चालत आलात आणि तिथेच थांबलात, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिथले घरचे लोक वळणापर्यंतच येतात. मी तुमच्या पाया पडले नाही. टांग्यात चढले आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

अकोल्यात वर्षभराने आमच्या शाळेत मुलींना टोचायला मिशनच्या दवाखान्यातली एक सिस्टर आली. गोरी, साठीची, हातावर तीळच तीळ. कुठल्या देशच्या म्हणून विचारलं तर म्हणाली, आयर्लंड. मला घेरीच यायची राहिली. तीस वर्षं वऱ्हाडात काढून ती बाई मळ्यातल्या काकूंसारखी बोलत होती. मी तिला ते सुतक विचारलं. तर ती खो खो हसली. "रडाचं काहून, बाई? आमी तं नाचून राहिलो होतो! माह्या बापानं सारं गाव बलावलं, माय दिवसभर पाव भाजून राहिली होती, वाजवनारा आला. जानाऱ्याले पोटभर खाऊ घालाव, हसवाव, मंग सोडाव. रडनं आखरीले, दारात."

दिवाळीला मी हे घेऊन अमरावतीला आले. फराळाचं ताट पुढे असताना सांगितलं, बाबा, तिथे चूल बंद ठेवत नाहीत, उलट दिवसभर पेटलेली असते. ते नाचतात. तुम्ही चकलीचा तुकडा मोडून विचारलंत, "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, आयर्लंडच्या बाईने. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "ती तिथली असेल, पण तिचा अभ्यास नसेल." आई तोंडाला पदर लावून आत गेली. भाऊबीजेपर्यंतही न थांबता मी परत गेले.

जानेवारीत तुमचं कार्ड आलं. माझी तब्येत, माझी शाळा, झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द, काही नाही. चार ओळी: "त्या सिस्टरबाईंना विचारून कळव. मुलगी निघून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, मागे राहिलेली माणसं काय करीत? ते पान माझ्याजवळ नाही." मी संतापले. एक साधं "कशी आहेस" लिहायला काय झालं होतं? कार्ड ट्रंकेच्या तळाशी टाकलं. तरी सिस्टर पुन्हा आली तेव्हा मी विचारलं. ती एका मुलीचा दंड धरून सुई रोखून होती. "दुसऱ्या दिवशीचं मले काय मालूम, बाई?" ती म्हणाली, "मी तं निंगून आली होती." मग तिने सुई टोचली आणि बराच वेळ कापूस तसाच दाबून धरला. हे काय कळवायचं, असं मला वाटलं. कळवू कधीतरी म्हटलं, आणि मार्चमध्ये तार आली.

मी तुम्हाला हट्टी म्हणायचे, अजूनही म्हणते. पण त्या चार ओळींत तुम्ही मला काय विचारत होतात हे मला तेव्हा कळलं नाही, आणि याचा राग मला तुमच्यापेक्षा माझा जास्त येतो. साधं बोलता येत नव्हतं तुम्हाला. मला तरी कुठे येत होतं?

परवा माझी धाकटी भोपाळला नोकरीला गेली. मी सगळं सिस्टरच्या रीतीने केलं. श्रीखंड-पुरी केली, शेजारच्या पोरींना बोलावलं, त्या नाचल्या, मी टाळ्या वाजवल्या. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत हसत होते. पोरगी म्हणाली, "आई, तू किती मॉडर्न आहेस."

तर बाबा, तुम्ही दुसऱ्या दिवशीचं विचारलं होतंत. काल सकाळी हे उठले आणि चहा मागू लागले. मी त्यांना सांगितलं, गॅस संपलाय, आज बाहेरूनच काहीतरी आणा. ते डबा घेऊन गेले. हे पत्र तुमच्या कार्डाखाली ठेवून देते. तुम्हाला म्हणून सांगते, सिलिंडर आदल्याच दिवशी आलं होतं. त्याचं सील मी अजून तोडलेलं नाही.