कडेची दुहेरी तार

३ फेब्रुवारी, सोमवार

भोंगा! अक्षरशः भोंगा वाजला कॉम्प्युटरमधून. स्क्रीन लालभडक. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा! आणि मी शहाणी नंबर लावायला बसले होते. बाबा बाजेवरून ओरडले, "काहून घाबरून राहिली वं? चोर घंटी वाजवून येते का कधी?" मी सरळ खटका बंद केला. वाचलो!

माझं काही गेलं तर जाऊ दे. बाबांच्या किनारी आहेत त्यात. उमरेडला जन्मभर हातमागावर विणलेल्या करवती, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या नक्षीच्या, किनारी. कागदावर एकही नाही, सगळ्या त्यांच्या डोक्यात. हात थरथरायला लागले आणि धोटा सुटला, विणणं थांबलं. दिवाळीपासून ते सांगतात आणि मी स्क्रीनवर चौकोन रंगवते. त्या गेल्या तर?

५ फेब्रुवारी

अँटीव्हायरस घ्यायचा, हे ठरलं. कोणता, ते ठरेना! स्टाफरूममध्ये विचारलं. एक म्हणते फुकटचा घे, तेवढा पुष्कळ. दुसरे म्हणतात, फुकटचा हाच मोठा व्हायरस. दुकानदाराने डबा पुढे केला, त्यावर ढाल, तलवार आणि एक रागावलेला गरुड. म्हटलं, दादा, हे करतं काय? म्हणे, "मॅडम, सब कुछ करता है." घेतला. गरुडाकडे पाहून घेतला, खोटं कशाला लिहू!

६ फेब्रुवारी

पण फुकटचाही वाईट नाही म्हणतात. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. "कापडाच्या कडेले आपण दुहेरी तार लावतो का नाही? एक तुटली तं दुसरी धरते." पटलं! कोष्ट्याच्या घरात वाढले, मला न पटून कसं चालेल? दोन्ही टाकले. आता या, कोण येतं ते!

८ फेब्रुवारी

सत्यानाश.

कॉम्प्युटर हलेना. दोन्ही अँटीव्हायरस एकमेकांनाच चोर समजून भांडत होते बहुतेक. शेवटी एकाने चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवरच संशय घेतला आणि किनारींचा अख्खा फोल्डर उचलून नेला. संशयास्पद फाइल्स हटवल्या, म्हणे! मी ढसाढसा रडले.

बाबांनी स्वतः चहा ठेवला. थरथरत्या हातांनी, अर्धा ओट्यावर सांडून. "रडून नको राहू. फाइल गेली, मी तं आहो ना? बस. काढ पुन्हा."

असा बाप मिळायला भाग्य लागतं. लिहून ठेवते – त्यांना तोंडावर सांगणं मला जमणार नाही.

११ फेब्रुवारी

कॉम्प्युटर रखडत का होईना चालतोय, चित्रांचा प्रोग्रॅम पुन्हा टाकला. रोज शाळेतून आले की बसतो. बाबा डोळे मिटून सांगतात – दोन सोड, एक उचल. आज आईची किनार. तिच्यासाठी त्यांनी एकदाच विणलेली, बाजारात कधी न गेलेली. कुठे अडखळले नाहीत, धडाधड सांगत गेले. म्हटलं, बाबा, इतकं लक्षात कसं राहतं? "डोक्याले नाही, हाताले राहते." मी बोटं चालवत होते आणि ऐकत होते. गेल्या कित्येक महिन्यांत इतकी छान संध्याकाळ गेली नाही.

१४ फेब्रुवारी

मेघा आली होती, आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते ती. बसल्या बसल्या पोट धरून हसली. "दोन-दोन काहून लावले वं? एका दारावर दोन पहारेकरी अन् दोघाची ओळख नाही!" बाबा जरा खट्टू झाले. तिने फुकटचा काढून टाकला. दुसऱ्याने कोंडून ठेवलेल्या फाइल्सची यादी उघडली – सगळ्या किनारी आत! सुखरूप! एक बटन दाबलं आणि परत आल्या. मी तिला मिठीच मारली.

म्हणाली, डब्यावरचं चित्र नको पाहत जाऊ. रोज अपडेट होते का, मशीन जड होते का, तेवढं पाहा. एकच ठेव. आणि दुहेरी तार लावायचीच असेल तर कॉपीची लाव. पेनड्राइव्ह भरून तिच्याच घरी ठेवायला दिला. तर्री-पोहे पोटभर खाल्ले आणि गेली. देव तिचं भलं करो! खरं तर त्या लाल स्क्रीनचेही आभार. ती आली नसती तर कॉपी कुठली काढतेय मी?

१५ फेब्रुवारी

सहज म्हणून आईची जुनी किनार आणि मंगळवारी नव्याने काढलेली, दोन्ही शेजारी ठेवल्या. जुळत नाहीत.

मग बाकीच्याही उघडल्या. जुन्या साऱ्या वेगवेगळ्या. या आठवड्यातल्या सगळ्या एकसारख्या. तेच दात, तेच रंग. बाबा रोज एकच किनार सांगत होते. नाव तेवढं वेगळं. आणि मी आवाज ऐकत बसले, हाताखाली काय उमटतंय ते पाहिलंच नाही.

१६ फेब्रुवारी

सकाळी बाबांना आईची जुनी किनार दाखवली. चष्मा पुसून कितीतरी वेळ पाहत राहिले. "मोठं कसबी काम आहे वं. कोणाच्या हातचं?"

"तुमच्या."

"काहीच्या काही!" हसले. मग स्क्रीनवरून बोट फिरवत म्हणाले, "ज्याचं असेल त्याचं, जपून ठेव बरं."

ठेवलंय, बाबा.