छत्री कापण्याबाबत

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, यजमानांच्या पश्चात एकटी राहणारी आणि आजही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबाव टाकलाच तर माझ्या वन्सं टाकतील, आणि त्यांचं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही.

१. राहतं घर दोन्ही मुलींना समसमान. याला दोघींनी होकार दिला आहे, पण वेगवेगळ्या दिवशी, कारण त्या एका खोलीत बसत नाहीत. ते पुढे येईलच.

२. शिलाई मशीन थोरलीला. कापडाची मोठी कात्री वन्संना. त्या आयुष्यभर तिने कागद कापत आल्या आणि मी दातओठ खात तिला धार लावत आले. आता त्यांनी खुशाल पुठ्ठे कापावेत.

३. बैठकीच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. ही माझी सवत. हे कामावरून आले की आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. हे गेल्यावर मी ती काढून टाकणार होते, पण पाणी बदलायला म्हणून हात घातला आणि अडकले ती अडकलेच. टाकीत दोन प्रवाळं आहेत. एक मऊ, रबरासारख्या अंगाचं, वर टोपी पसरणारं, त्याला आम्ही छत्री म्हणतो. दुसरं म्हणजे दगडावर दाटीने उगवलेली रंगीत बटणं.

४. बटणं कोणीही कापू नयेत, घासू नयेत आणि गरम पाणी त्यांच्या वाऱ्यालाही उभं करू नये. टाक्यांच्या दुकानदाराने हातमोजे घालून, दगड पाण्यात ठेवूनच न्यावा. कारण असं की, पाच वर्षांपूर्वी माजलेली बटणं निघावीत म्हणून धाकटीने एक दगड पातेल्यात उकळायला ठेवला. उकळलं की स्वच्छ, असं तिला वाटलं. बटणांच्या अंगात जालीम विष असतं आणि ते वाफेबरोबर घरभर पसरतं, हे तिच्या गावीही नव्हतं. थोरलीचा नवरा पलीकडच्या खोलीत झोपला होता. त्याला धाप लागली, दवाखान्यात ठेवावं लागलं. तो बरा झाला, आता जिने चढतो. पण त्या दिवशी थोरली बहिणीला म्हणाली, "तू आमच्या मुळावर उठलीस." तेव्हापासून अबोला.

ह्यांनी मिठाचं प्रमाण आणि दिव्यांचा उजेड सांगून आमचे कान किटवले, पण ही एवढी गोष्ट जाण्याआधी कोणाला सांगितली नाही. त्याबद्दल माझा ह्यांच्यावर राग आहे. तो मी बरोबर नेईन आणि समक्ष काढीन.

५. छत्री. ही दोघींनाही हवी आहे. घर वाटलं की निम्मं होतं, छत्री कापली की दोन होतात. मात्र कापायला दोघी लागतात: थोरलीने धरावी, धाकटीने कापावी. हे झाल्याखेरीज घराची वाटणी होऊ नये.

कापणं टाकीबाहेर, टाकीचंच पाणी घेतलेल्या पसरट भांड्यात. हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. नवं पातं घेऊन टोपीच्या कडेचा तुकडा एका दमात कापावा, करवतू नये. त्या बुळबुळीत अंगाला गोंद धरत नाही, म्हणून तुकडा लहान दगडावर सैल टाचावा. दोरा आवळला तर अंगात रुततो. मग पाण्याची धार मंद असेल तिथे ठेवावा आणि टाकीच्या गाळणीत पाणी शुद्ध करायचा ताजा कोळसा घालावा, कारण कापलेली छत्री पाण्यात विखार सोडते. तुकडा आक्रसेल, त्यावर मेणचट साल धरेल. तो रुसलेला असतो, मेलेला नाही. बोट न लावता राहू दिला तर साल टाकून आपणहून उघडतो.

धाकटी घाबरेल, हे मला ठाऊक आहे. ती टाकीपासून लांब उभी राहते आणि निघताना ताईची तब्येत विचारते. थोरली येते, टाकी बघते आणि विचारते, ती येऊन गेली का. मला या निरोप्याच्या कामाचा कंटाळा आला आहे, आणि मेल्यावर तर ते जमणारच नाही.

६. दुरुस्ती. वरचा मसुदा टेबलावर होता, तो थोरलीच्या हाती लागला. वाचून ती टाकीपाशी गेली. मग म्हणाली, "त्यासाठी तू मरायची वाट कशाला बघायची?" आणि माझ्याच फोनवरून तिने बहिणीला बोलावलं.

काल धाकटी आली. तिने पातं हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. थोरलीने चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा नीट बसवला, लहानपणी तिची वेणी घालायची तसा. मग भांड्यात दोन्ही हात घालून छत्री धरली.

"मी धरलंय. तू काप."

धाकटीने कापलं. टाके मी घातले, तेवढा मान माझा. दोघींच्या चष्म्यांच्या आत पाणी भरलेलं आणि हातमोज्यांनी डोळे पुसायची सोय नाही. मला हसू आवरेना. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सबब, पाचव्या कलमातली अट पुरी झाली असून ती रद्द समजावी. मूळ छत्री टाकीसह थोरलीची, तुकडा धाकटीचा. तुकडा अजून आक्रसलेला आहे. तो उघडलेला मला बघायचा आहे, तेव्हा या कागदाची तूर्त कोणी घाई करू नये.

हे मी वाचून दाखवून साक्षीदारांदेखत सही केली.

सही: शिंपीण, दोन मुलींची आई

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (पातं त्यांचंच, त्यांनी ते परत मागू नये)
२. कोपऱ्यावरची लोकरवाली

ठिकाण: टाकीसमोरची खुर्ची
दिनांक: छत्री कापली त्याच्या दुसऱ्या दिवशी. थोरली आणि धाकटी आत बोलत बसल्या आहेत.