कोरड्या नळाचं रीडिंग

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढी लहान आहे की साष्टांग घालायचा तर पाय जिन्यात जातात. बसल्या जागेवरून घातलेला गोड मानून घ्या.) तुमची तिन्ही पत्रं पोचली. तिसऱ्यात तुम्ही "जिवंत आहेस ना?" एवढंच विचारलंत, त्याचं उत्तर बहुतांशी हो असं आहे. उशिराला कारण म्हणाल तर काही नाही. शाई संपली होती असं लिहिणार होतो, पण आठ आठवडे संपून राहील अशी शाई कुठे मिळते? टाळत होतो, झालं. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा पारा कसा आहे?

तुमचा प्रश्न साधा होता. आपल्या ठमीने बारावीनंतर माझ्यासारखं सामान्य विज्ञान (थोडं भौतिक, थोडं रसायन) घ्यावं, की मामी म्हणते तसं नर्सिंग? (मामीचा मुद्दा बिनतोड आहे: नर्सिंगचं शेवटी काय होतं, ते नावातच लिहिलेलं असतं.) वर तुम्ही लिहिलंत, "तू शास्त्रज्ञ झालास, तुझ्या एका शब्दावर फॉर्म भरतो." मामा, त्या वाक्याने माझी झोप उडाली. पोरीची तीन वर्षं माझ्या शब्दावर! माझ्या शब्दावर कोपऱ्यावरचा चहावाला साखरसुद्धा कमी करत नाही.

तेव्हा या शिक्षणाने माणूस कुठे पोचतो ते ऐकाच. तुम्ही मला म्हणाला होतात, सगळं थोडं थोडं शीक, सगळ्या वाटा तिथूनच फुटतात. फुटतात खऱ्या. पण मी चौकातच उभा राहिलो. कॉलेज सुटल्यावर मला एकेका धड्याला एकेक नोकरी मिळाली. प्रकाशाच्या धड्यावर चष्म्याच्या दुकानात (भिंगं पुसायला), उष्णतेच्या धड्यावर बर्फाच्या कारखान्यात (लाद्या ओढायला), तरफेच्या धड्यावर वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याकडे. तो दुरुस्तीवाला फार गोड माणूस, त्याला घुबडं पाळायची हौस... पण ते राहू दे. सध्या मी रसायनाच्या धड्यावर, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. शास्त्रज्ञ नव्हे, नमुनेवाला. गावात बारा नळ नेमून दिलेत. रोज प्रत्येक नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, पूड टाकायची, गुलाबी रंग किती चढतो ते तक्त्याशी ताडून बघायचं आणि क्लोरीन किती उरलाय ते वहीत लिहायचं. उरलेल्या वेळात बाटल्या धुवायच्या.

पहिले काही दिवस मी इमानाने हिंडलो. सगळीकडे अर्धा यायचा. पॉइंट पाच, पॉइंट पाच, जणू बारा नळांनी एकमेकांची नक्कल केलेली. मग माझे पाय दमले. आणि पाय दमले की मला कॉलेज आठवतं. तिथे लंबकाच्या प्रयोगाला लंबक कोण हलवत होतं? गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊ पूर्णांक आठ येणार हे पुस्तकात छापलेलं. आम्ही तिथून मागे मागे येत झोके, सेकंद, दोरीची लांबी, सगळं गणिताने जुळवून घ्यायचो. थोडी चूकही मुद्दाम घालायचो, म्हणजे खरं वाटावं. सरांनी माझ्या वहीवर "सुबक" असा शेरा दिला होता. तीन वर्षांत अंगात मुरलेली विद्या मामा, ती कुठे जाते? पाचव्या दिवसापासून मी एका ओळखीच्या घड्याळजीच्या दुकानात बसून बारा नळांची रीडिंग लिहायला लागलो. पॉइंट पाच. मध्येच एक पॉइंट चार, सुबकपणासाठी.

अकरा दिवसांनी आमच्या मोठ्या बाईंनी (प्रयोगशाळेच्या प्रमुख; आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते) वही समोर ठेवली आणि बेकरीसमोरच्या नळावर बोट ठेवलं. तिथला रस्ता खणलाय, नळ आठ दिवस बंद आहे, थेंब नाही. माझ्या वहीत आठही दिवस पॉइंट पाच. बाई म्हणाल्या, "कोरड्या नळात क्लोरीन किती असतो, हे जगात फक्त तुम्हालाच मोजता आलंय." सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

त्यांनी काढून टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं, असं वाटावं अशी शिक्षा दिली: महिनाभर बारा नळ, रोज दोनदा, चालत. आणि जे येईल ते लिहायचं. नळ बंद असेल तर "बंद" लिहायचं, तेही रीडिंगच. मामा, माझ्या चपलांचे तळ आता पारदर्शक आहेत. पण एकोणिसाव्या दिवशी न्हाव्याच्या दुकानातल्या नळाला रंगच चढेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पॉइंट एक. मी पुस्तक आठवून बघितलं, पुस्तकात हे उत्तर नव्हतं. मी, जो बस पकडायलाही धावत नाही, तो धावत बाईंकडे गेलो. त्या भागाच्या जमिनीखालच्या मोठ्या नळाला गटाराशेजारी भेग पडली होती; घाण आत शिरून क्लोरीन खात होती. संध्याकाळच्या आत पाणी बंद करून ती बुजवली. शाबासकी वगैरे नाही. बाई म्हणाल्या, उद्याचं रीडिंग विसरू नका.

तेव्हा ठमीचं काय, ते तुम्हीच ठरवा. विज्ञानात वाईट काही नाही. मी ते केलं, असं मात्र समजू नका.

आपला,
नमुनेवाला भाचा

ता. क. हे पत्र मामीला अजिबात दाखवू नका.

ता. क. २ - खरं तर एवढं सगळं एका कामासाठी लिहिलं. माझ्या प्रयोगवह्या तुम्ही पोथीसारख्या फडक्यात बांधून कपाटावर ठेवल्या आहेत. ठमी विज्ञानाला गेली तर त्या तिच्या हाती लागायच्या आत रद्दीत घाला. त्यात एकही आकडा खरा नाही. तिला तिचा लंबक हलवू दे, उत्तर आठ आलं तर आठ लिहू दे.

ता. क. ३ - मामा, घात झाला. जिन्यात मामी उभी आहे! म्हणाली, "तुझं कळवतो-कळवतो होईस्तोवर मुदत संपली असती. उद्या शेवटचा दिवस. शास्त्रज्ञ कसा राहतो, म्हटलं, बघून तरी येऊ." फॉर्म पिशवीत घेऊनच आली आहे, त्यात विषयाची जागा कोरी. आल्या आल्या विचारते, घालू का पोरीला तुझ्या वाटेला? मी वरची पानं तिच्याच हातात दिली. आता खाटेवर बसून वाचतेय. बेकरीच्या नळाला मोठ्याने हसली. न्हाव्याच्या नळाशी मात्र ओळींवर बोट ठेवून वाचू लागली. आता शेवटचं, लंबकाचं पान उलटून परत वाचतेय, आणि फॉर्म मांडीवर उघडलाय. पत्र तीच घेऊन येईल. थांबतो, खोलीत पेन एकच आहे, आणि ते मामीला हवंय.